हप्त्याहप्त्याने दहावी

सातवी-आठवीत असतानाच नववी-दहावीचा एखादा विषय घरबसल्या शिकायचा, त्याची परीक्षा द्यायची आणि मिळालेले गुण पुढच्या प्रमाणपत्रात मोजून घ्यायचे, ही सोय अमेरिकेतील अनेक राज्यांत चांगली रुळलेली आहे. भारतात ती या रूपात नाही. तिच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था म्हणजे मुक्त विद्यालये, लोकांच्या तोंडी ‘ओपन’. इथे दहावी हप्त्याहप्त्याने फेडता येते: आज गणित, सहा महिन्यांनी विज्ञान, पुढच्या वर्षी भाषा. एकदा फेडलेला हप्ता बुडत नाही. मात्र खाते उघडायला वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि वयाने लहान पण अभ्यासात पुढे असलेल्या मुलाचा प्रश्न नेमका या अटीपाशी अडतो.

हा सगळा मामला एका ठिकाणी पाहायचा तर जयपूर सोयीचे. राजस्थान स्टेट ओपन स्कूलचे मुख्यालय शहरातल्या झालाना डूंगरी भागात आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे, म्हणजे एनआयओएसचे, प्रादेशिक केंद्रही जयपुरातच. राज्याचे नेहमीचे माध्यमिक मंडळ मात्र १९६१ पासून अजमेरला, आणि शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांना ते ‘स्वयंपाठी’ म्हणते. गोपालपुरा बायपास आणि प्रतापनगर या भागांत कोचिंग क्लासेसची दाटी आहे आणि तिथल्या ‘फाउंडेशन’ वर्गांत सहावीपासूनची मुले बसतात. उशिरा शिकणारे आणि घाईने शिकणारे असे दोन्ही टोकांचे विद्यार्थी या शहरात मोठ्या संख्येने आहेत. व्यवस्थेने दार उघडले आहे ते यांतल्या एकाच टोकासाठी.

अमेरिकेतील क्रेडिटचा हिशेब साधा आहे. एका विषयाचा वर्षभराचा अभ्यास पुरा केला की एक क्रेडिट. फ्लोरिडात हायस्कूल पूर्ण करायला सर्वसाधारणपणे २४ क्रेडिटे लागतात. या मापाला कार्नेगी युनिट म्हणतात आणि ते साधारण १२० तासांच्या वर्गशिक्षणाइतके धरले जाते. गंमत अशी की त्याचे मूळ प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनात आहे. अँड्र्यू कार्नेगीच्या देणगीतून विसाव्या शतकाच्या आरंभी महाविद्यालयीन अध्यापकांसाठी पेन्शन योजना निघाली. तिच्यात सामील व्हायचे तर महाविद्यालयाने प्रवेशासाठी हायस्कूलच्या ठरावीक युनिटांची अट घालावी, असा नियम झाला. पेन्शनसाठी महाविद्यालये वळली, महाविद्यालयांसाठी हायस्कुले वळली, आणि शिक्षण तासांत मोजण्याची रीत देशभर बसली. तिच्यावर टीका भरपूर झाली, पण एक फायदा निर्विवाद आहे. इयत्ता हा एकसंध ठोकळा न राहता विषय सुटा झाला. सुटा झालेला विषय मग लवकरही घेता येतो, उशिराही आणि दुसऱ्या संस्थेकडूनही.

दूरस्थ शिक्षणाला याचा मोठा उपयोग झाला. नेब्रास्का विद्यापीठाने १९२९ मध्ये टपालाने हायस्कूलचे अभ्यासक्रम शिकवायला सुरुवात केली. विखुरलेल्या खेड्यांतल्या लहान शाळांना प्रत्येक विषयाचा शिक्षक परवडत नसे. फ्लोरिडाची सरकारी व्हर्च्युअल शाळा १९९७ ची. तिच्यामार्फत आठवीतली मुले ‘अल्जिब्रा वन’ हा हायस्कूलचा बीजगणिताचा अभ्यासक्रम करतात आणि त्याचे क्रेडिट त्यांच्या हायस्कूलच्या नोंदीत जमा होते. यात धोकाही आहे. तेराव्या वर्षी मिळालेला वाईट शेरा कायमच्या गुणपत्रकात बसतो आणि चार वर्षांनी महाविद्यालयाच्या प्रवेशसमितीपुढे येतो. म्हणून फ्लोरिडाच्या कायद्यात तरतूद आहे की, माध्यमिकपूर्व इयत्तेतल्या मुलाने हायस्कूलचा अभ्यासक्रम घेऊन सी किंवा त्याखालची श्रेणी मिळवली, तर तो पुन्हा करून जुनी श्रेणी बदलता येते. मोठ्या मुलांना ही सवलत इतकी सैल नाही.

भारतात विषय असा सुटा झालाच नाही. दहावी म्हणजे पाच-सहा विषयांचा एक गठ्ठा. पास व्हायचे तर सगळ्यात, एका वर्षात. गठ्ठा थोडा सैल करणाऱ्या सोयी आहेत, पण त्या नापासांसाठी. महाराष्ट्रात एक-दोन विषय राहिले तर एटीकेटी घेऊन अकरावीत जाता येते. शाळा सुटलेल्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. राजस्थानातला स्वयंपाठी हा याच १७ नंबरवाल्याचा भाऊबंद. दोघांचेही वर्ष वाचते किंवा शिक्षण पुन्हा सुरू होते. वेळेआधी पुढे जाण्याशी या सोयींचा संबंध नाही. सातवीतल्या मुलीला दहावीचे गणित येत असले, तरी ते येते अशी अधिकृत नोंद करून घेणारे कुठलेही कार्यालय तिला सापडत नाही.

टपालाने शालेय शिक्षण देण्याचा भारतातला इतिहास १९६० च्या दशकात सुरू होतो. मध्य प्रदेशच्या मंडळाने भोपाळहून पत्राचार अभ्यासक्रम काढला, दिल्लीत १९६८ मध्ये पत्राचार विद्यालय उघडले आणि अजमेरच्या मंडळानेही हा मार्ग धरला. या अभ्यासक्रमांत धडे टपालाने येत, पण परीक्षा मंडळाची नेहमीचीच, एकगठ्ठा. खरा बदल १९७९ मध्ये झाला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, प्रकल्प म्हणून ‘ओपन स्कूल’ सुरू केले आणि विषयवार परीक्षा, विषयवार गुण आणि गुणांचा साठा ही पद्धत त्यात आणली. नोव्हेंबर १९८९ मध्ये त्याचे स्वतंत्र राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाले. १९९० मध्ये भारत सरकारने त्याला स्वतःच्या परीक्षा घेण्याचा आणि प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार दिला, आणि २००२ मध्ये त्याला एनआयओएस हे आजचे नाव मिळाले. मुख्यालय नोएडाला आहे. त्याच धर्तीवर राज्यांनी आपापली मुक्त विद्यालये काढावीत असा केंद्राचा आग्रह होता. राजस्थानने मार्च २००५ मध्ये जयपुरात आपले विद्यालय स्थापन केले. महाराष्ट्राने बराच उशीर केला. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चे, पण शालेय स्तरावरच्या राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा शासन निर्णय निघाला २०१७ मध्ये. म्हणजे बारावी न झालेल्याला पूर्वतयारी अभ्यासक्रम करून पदवीकडे जाण्याची वाट महाराष्ट्रात खुली होती, आणि त्याच माणसाला सवडीने दहावी करायची तर १७ नंबरखेरीज राज्याची दुसरी सोय नव्हती.

मुक्त विद्यालयाची दहावी कशी चालते, हे एनआयओएसच्या नियमांत नीट दिसते. विद्यार्थी किमान पाच आणि जास्तीत जास्त सात विषय निवडतो. त्यांत निदान एक भाषा हवी. यादी नेहमीच्या शाळेपेक्षा बरीच मोकळी आहे. गणिताचा संकेतांक २११, विज्ञानाचा २१२, सामाजिक शास्त्राचा २१३. यांच्या शेजारीच अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन, गृहविज्ञान, मानसशास्त्र, चित्रकला आणि डेटा एंट्रीही आहे. गणित अवघड जाते म्हणून ते टाळून गृहविज्ञान घेतलेली दहावीही पूर्ण दहावीच असते. भाषांत मराठी आहे, संकेतांक २०४. लष्कर, बँका किंवा केंद्र सरकारच्या बदल्यांमुळे जयपुरात आलेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांना तिथल्या शाळेत हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत मिळते. मराठी बहुधा नाही. दहावी झाल्यावर मराठीचा सुटा विषय एनआयओएसमधून देता येतो. या सोयीची माहिती फार थोड्यांना असते.

नोंदणी झाली की पाठ्यपुस्तके मिळतात. अभ्यासकेंद्र म्हणजे बहुतेक वेळा एखादी चालू शाळाच. तिथे ठरावीक दिवशी संपर्कवर्ग होतात. राजस्थान स्टेट ओपन स्कूल अशा शाळांना ‘संदर्भ केंद्र’ म्हणते. गृहपाठ लिहून द्यायचा, तो शिक्षक तपासतात, आणि एनआयओएसमध्ये त्याला २० टक्के वजन आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एका वेळी किती विषय द्यायचे ते विद्यार्थ्याने ठरवायचे. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि तेवढ्या काळात नऊ संधी मिळतात. ३३ टक्के मिळाले की तो विषय सुटला, गुण जमा. पाचवा विषय सुटला की प्रमाणपत्र हातात. शिवाय ‘टीओसी’ आहे, म्हणजे गुणांचे हस्तांतर. मान्यताप्राप्त मंडळाच्या दहावीत नापास झालेल्याने तिथे जे विषय काढले असतील, त्यांतले दोनपर्यंत एनआयओएस आपल्या खात्यात धरते. कोचिंगवाले, पालक आणि कारकून सगळे या सवलतीला टीओसीच म्हणतात. अमेरिकन शाळेत ‘क्रेडिट ट्रान्सफर’ या शब्दाने जे होते, त्याचा भारतातला हा जवळजवळ एकमेव शालेय नमुना. मात्र इथेही लाभार्थी नापास विद्यार्थीच.

ही घडण कोणासाठी झाली, ते जयपूरच्या परकोट्यात, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहरात, फिरले की लक्षात येते. रंगीत खड्यांना पैलू पाडण्याच्या धंद्यात हे शहर जगात नावाजलेले आहे आणि रामगंज, घाटगेट या बाजूला घराघरांत हे काम चालते. मनिहारांच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्या बनतात. हात बसायला लागतो तो लहान वयात, आणि सहावी-सातवीत शाळा सुटते ती अनेकदा यामुळे. अठरा-वीस वर्षांच्या कारागिराला दिवसाचे काम बुडवून शाळेच्या बाकावर बसणे शक्य नाही. दर सहा महिन्यांनी एक-दोन पेपर देणे शक्य आहे. शिक्षण सुटलेल्या मुली आणि स्त्रिया हा दुसरा मोठा गट. त्यांच्यासाठी राजस्थानने ‘शिक्षा सेतु’ योजनेखाली मुक्त विद्यालयात निःशुल्क प्रवेश दिला. जयपूरचे हे विद्यालय गुणवत्तेत पहिल्या येणाऱ्या मुलींना मीरा पुरस्कार आणि मुलांना एकलव्य पुरस्कार देते. गुरूने दारातून परत पाठवलेल्या आणि लांबूनच शिकलेल्या मुलाचे नाव दूरस्थ विद्यालयाच्या पुरस्काराला देणारे कथेतला अंगठा कसा विसरले, हा प्रश्न पडतो. पण नाव लोकांना आवडलेले दिसते.

ज्यांचे शिक्षण तुटले त्यांना ते पुन्हा जोडून देण्याचे काम या व्यवस्थेने चांगले केले आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न उरतो तो दुसऱ्या टोकाच्या मुलाचा.

चौदा वर्षांची अट या मुलाला कुठे आणून सोडते, ते साध्या बेरजेने काढता येते. सहाव्या वर्षी पहिलीत गेलेले मूल आठवी संपवते तेव्हा चौदाचे होते किंवा होण्याच्या बेतात असते. वर्षाच्या मध्यापर्यंत वय पूर्ण झाले आणि त्याने एनआयओएसमध्ये नाव घातले, तर त्याची पहिली परीक्षा येते पुढच्या एप्रिलमध्ये. तोवर त्याचे वर्गमित्र नववी संपवून दहावीत जाण्याच्या वाटेवर असतात. सगळी धडपड करून हाती लागते ते एक वर्ष. आठवीचा दाखला नसला तरी स्वतःच्या घोषणेवर प्रवेश देण्याइतकी उदार ही संस्था वयाच्या बाबतीत मात्र एक महिनाही मागे येत नाही. खाली एनआयओएसचा मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रम आहे, त्याचे तीन टप्पे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे. पण त्यातले गुण दहावीच्या खात्यात जात नाहीत.

अटीला अर्थ नाही असे कोणी म्हणणार नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत बसण्याचा हक्क दिला. मुक्त विद्यालयाचे दार याहून खाली उघडले, तर ‘आमचे मूल ओपनमध्ये आहे’ असे सांगून त्याला खड्यांच्या कामाला बसवणारे पालक आणि मालक निघतील, ही भीती जयपूरसारख्या शहरात खरी आहे. पण अट लिहिताना डोळ्यांसमोर होते ते शाळेबाहेरचे मूल. शाळेत रोज हजर असलेल्या आणि शिवाय एक जादा विषय देऊ पाहणाऱ्या मुलाचा विचार त्या नियमात नाही. त्याला वेगळी आडकाठीही आहे: सीबीएसईच्या परीक्षेला बसणाऱ्याला त्याच वेळी दुसऱ्या मंडळाच्या परीक्षेला बसता येत नाही, असे त्या मंडळाची नियमावली सांगते. शाळा आणि ओपन एकत्र चालवायचे तर कागदावर कुठेतरी एक पाय उचलावाच लागतो.

इथे गोपालपुरा बायपासवरचे फाउंडेशन वर्ग ध्यानात घेण्यासारखे आहेत. आयआयटी आणि नीटच्या तयारीची ही खालची पायरी. सातवी-आठवीच्या मुलांना तिथे नववी-दहावीचे बीजगणित, रासायनिक समीकरणे आणि विद्युतप्रवाह शिकवला जातो. संस्थांचे ऑनलाइन वर्ग, ध्वनिचित्रित पाठ आणि साप्ताहिक चाचण्या असल्याने यातला मोठा भाग दूरस्थच असतो. म्हणजे माध्यमिक शाळेचा अभ्यास आधीच्या इयत्तांत दूरस्थ पद्धतीने करण्याची प्रथा जयपुरात आहेच. नाही ती फक्त नोंद. मुलाने आठवीत वर्गसमीकरणे सोडवली तरी नववीत आणि दहावीत शाळेत तीच परत शिकायची आणि दहावीच्या मार्चमध्ये तीच लिहायची. त्यातून मग शाळेत फक्त नाव ठेवून दिवसभर कोचिंगला बसणारे ‘डमी’ विद्यार्थी तयार होतात. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या की सोळा वर्षांखालील किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या मुलांना कोचिंग संस्थांनी प्रवेश देऊ नये. सूचनेमागचा हेतू चांगला आहे. पण पुढे असलेल्या मुलाची भूक शाळेत भागवण्याचा मार्ग त्या कागदात कुठे नाही.

अपवाद म्हणून पुढे गेलेली मुले देशात आहेत. लखनौच्या एका मुलीने २००७ मध्ये सातव्या वर्षी उत्तर प्रदेश मंडळाची दहावी पार केली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. अशा कहाण्यांमुळे समज पसरतो की लवकर शिकणे म्हणजे सगळी दहावी एका उडीत मारणे. प्रत्यक्षात बहुतेक हुशार मुले सगळ्या विषयांत पुढे नसतात. एखादीला गणित चार वर्षे आधी येते, पण निबंध तिच्या वयाचाच असतो. तिला आख्खी इयत्ता ओलांडायला लावणे हे जवळजवळ नेहमीच चुकीचे, आणि सगळेच विषय तिच्या वयाच्या गतीने शिकवणेही चुकीचेच. विषय सुटा करण्याचा उपयोग अशा मुलीला सर्वांत जास्त. केंब्रिजच्या आयजीसीएसई परीक्षेत हे होते: प्रत्येक विषयाचे वेगळे प्रमाणपत्र, वयाची खालची मर्यादा नाही. जयपुरातल्या काही आंतरराष्ट्रीय शाळांत ही परीक्षा उपलब्ध आहे. तिचे शुल्क भरू शकणाऱ्या घरांपुरता प्रश्न सुटतो. दुसऱ्या कोणाचा नाही.

ओपनच्या प्रमाणपत्राची पत हाही एक मुद्दा आहे. भारतीय विद्यापीठे ते मानतात, सरकारी नोकरीत ते चालते. तरीही समाजात ते ‘दुसऱ्या नंबरचे’ समजले जाते. ही समजूत एकदा नियमातही उतरली. २०१८ मध्ये नीटच्या अधिसूचनेने मुक्त विद्यालयातून बारावी केलेल्यांना वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी अपात्र ठरवले. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. पुढेही प्रकरण लांबले आणि वाट पूर्ण मोकळी व्हायला काही वर्षे गेली. ज्या पालकाने मुलीला हौसेने ओपनमध्ये घातले असेल, त्याला या काळात किती रात्री झोप लागली नसेल, याचा अंदाज कोणीही करू शकतो. हुशार मुलाला लवकर दहावी देण्याच्या नादात त्याचा शिक्का कच्चा पडू नये, ही पालकांची काळजी मुळीच अवाजवी नाही.

या चित्रात २०२३ मध्ये एक नवा कागद आला. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय शिक्षणालाही प्रथमच क्रेडिटची भाषा लावली. विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. वर्षाचे १,२०० तास, म्हणून वर्षाला ४० श्रेयांक. तासांत वर्गातला वेळ, गृहपाठ, प्रयोग, खेळ, कला आणि परीक्षा सगळे धरले आहे. प्रत्येक इयत्तेला एक पातळी दिली आहे: पाचवीला १, आठवीला २, दहावीला ३, बारावीला ४, आणि मधल्या इयत्तांना अपूर्णांक, जसे नववीला २.५. श्रेयांक गुणिले पातळी म्हणजे श्रेयांक-गुण. आठवीचे वर्ष ८० चे, दहावीचे १२० चे. ही सगळी जमा विद्यार्थ्याच्या ‘अपार’ ओळखक्रमांकाशी जोडलेल्या श्रेयांक पेढीत राहावी अशी योजना आहे. सीबीएसईने २०२४-२५ च्या सत्रात सहावी, नववी आणि अकरावीसाठी याची प्रायोगिक अंमलबजावणी करायला शाळांना बोलावले.

या आराखड्यात एक तरतूद आहे, जिची चर्चा फारशी झाली नाही. असाधारण क्षमतेच्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक वेगवृद्धी देण्याची मुभा त्यात स्पष्ट सांगितली आहे. कागदावर पाहिले तर अडचण उरत नाही. आठवीतल्या मुलीने दहावीचे गणित केले, तर तिच्या नावावर पातळी ३ चे काही श्रेयांक चढायला हवेत, उरलेले पातळी २ चे. गणित जमते. पण श्रेयांक द्यायला कोणीतरी परीक्षा घ्यावी लागते, आणि ती घेणारी मंडळे अजून इयत्ता आणि वय यांच्याच हिशेबाने चालतात. उच्च शिक्षणात गोष्ट निराळी आहे. ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम करून पदवीच्या एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची परवानगी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये दिली. त्याच ‘स्वयम्’वर नववी ते बारावीचे अभ्यासक्रमही आहेत. ते कोणीही, कुठल्याही वयात पाहू शकतो. पाहून झाल्यावर शाळेच्या नोंदीत एक ओळही वाढत नाही.

शिकण्याच्या साहित्याची तर वाण नाहीच. महामारीत, एप्रिल २०२० पासून, राजस्थानने ‘स्माइल’ उपक्रमातून शिक्षक आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर रोज पाठ पाठवले. ज्या घरांत फोन नव्हता तिथे आकाशवाणी आणि दूरदर्शन वापरले. त्या काळातला अनुभव सांगतो की बारा-तेरा वर्षांची मुले एकट्याने पडद्यावरून शिकताना लवकर गळतात. शेजारी विचारायला माणूस लागतो. दूरस्थ विषय लवकर देण्याची सोय झाली, तर ती आठवड्याच्या संपर्कवर्गासकट व्हायला हवी. मुक्त विद्यालयांची संदर्भ केंद्रे आणि अभ्यासकेंद्रे मुळातच चालू शाळांत आहेत, त्यामुळे हे नव्याने उभारायचे काम नाही.

गणितापासून आरंभ करणे सर्वांत रास्त ठरेल. एनआयओएसच्या दहावीच्या गणितात बीजगणित, व्यापारी गणित, भूमिती, महत्त्वमापन, त्रिकोणमिती आणि सांख्यिकी असे सहा भाग आहेत. सातवी-आठवीतल्या पुढे असलेल्या मुलाला वर्षभरात पेलेल असा हा ऐवज आहे, आणि उत्तर बरोबर की चूक यात परीक्षकाच्या मर्जीला फार वाव नाही. फ्लोरिडाला ज्या धोक्यासाठी कायद्यात खास कलम घालावे लागले, त्याचा बंदोबस्त इथे आधीच आहे. नऊ संधी आणि पाच वर्षे असल्यावर तेराव्या वर्षी घसरलेला पेपर कोणाच्या आयुष्यावर डाग ठेवत नाही.

तोवर जयपुरातल्या किंवा पुण्यातल्या पालकांनी एवढे पाहावे. चौदा पूर्ण होण्याआधी कोणी ‘ओपनची दहावी करून देतो’ म्हणाले, तर ते खोटे आहे. एका महिन्यात, परीक्षेविना किंवा घरबसल्या गुणपत्रक देणारे मंडळ बनावट असते, त्याच्या नावात ‘राष्ट्रीय’, ‘ओपन’ आणि ‘बोर्ड’ हे तिन्ही शब्द असले तरी. पैसे भरण्याआधी अभ्यासकेंद्राचे नाव एनआयओएसच्या किंवा राज्य मुक्त विद्यालयाच्या अधिकृत यादीत शोधावे. शाळेत चालू असलेल्या मुलाची दुसरीकडे नोंदणी करण्याआधी शाळेच्या मंडळाचा नियम लेखी विचारावा.

आणि एनआयओएसने आपल्या प्रवेशनियमात एक वाक्य वाढवावे: शाळेत नियमित शिकणाऱ्या बारा वर्षांवरील विद्यार्थ्याला, मुख्याध्यापकांच्या शिफारशीवर, माध्यमिक स्तराचे दोनपर्यंत विषय देता येतील आणि त्यांचे गुण चौदा पूर्ण झाल्यावर त्याच्या खात्यात धरले जातील. नापास मुलाचे दोन विषय टीओसीने धरणाऱ्या संस्थेला पास होऊ पाहणाऱ्या मुलाचे दोन विषय धरणे जड जाऊ नये.